शेपटाची गाडी आणि साकिउसा मामा

कंपनीचा माणूस नासावुरा गावात आला, त्या सकाळी एक बाप्या घरात सापडला असता तर शपथ! दालोची, म्हणजे अळूच्या कंदांची, शेतं ओस, होड्या काठाला, आणि झाडून सगळे रग्बीच्या मैदानावर. ज्यांनी जन्मात सैन्याचं फाटक पाहिलं नव्हतं तेही छाती काढून रांगेत उभे. एक म्हातारा तर पिकल्या केसांना काजळी फासून आला होता. पोरांनी त्याला असं काही धारेवर धरलं, की शेवटी तो बिचारा स्वतःच पोट धरून हसत सुटला आणि रांगेतून बाहेर पडला.

काम काय, तर इराकमध्ये ट्रकांच्या ताफ्यांवर पहारा करायचा. युद्ध मोठ्या देशांचं. पण त्यांचे सैनिक पुरत नव्हते म्हणा, किंवा त्यांचा सैनिक मेला की त्यांच्या पेपरात बोंब होते आणि आपला मेला तर होत नाही म्हणा, पहाऱ्याचं काम त्यांनी कंपन्यांच्या गळ्यात घातलं होतं. कंपन्यांना हवी होती धिप्पाड, शिस्तीची आणि फार प्रश्न न विचारणारी माणसं. तशी माणसं आमच्या फिजीत पायलीची पन्नास! लेबनॉन म्हणू नका, सिनाय म्हणू नका, दोन भांडणाऱ्यांच्या मधे उभं राहायला जिथं जिथं कुणी लागलं तिथं आमच्याच पोरांना धाडलं गेलं. घरी परतल्यावर त्यांच्यापुढं एकच सवाल असायचा, आता काय करायचं?

साकिउसा त्यांतलाच. लेबनॉन करून आलेला सार्जंट. निवृत्त झाल्यावर दालो लावायचा, चर्चमध्ये गाणाऱ्यांना ताल शिकवायचा आणि संध्याकाळी गावच्या रग्बी संघाच्या नावानं शंख करायचा. कंपनीच्या माणसानं त्याला नुसता चालताना पाहिला आणि विचारलं, एक तुकडी सांभाळशील का. साकिउसा म्हणाला, मी मेथडिस्ट बायकांचं गाणं सांभाळतो, त्यापुढं तुमची तुकडी काय. झालं, तो तुकडीचा प्रमुख ठरला. त्याच्या पाठोपाठ दोन पोरं निवडली गेली. एक त्याचा मुलगा किटिओने आणि दुसरा त्याच्या बहिणीचा मुलगा रोपाते.

दोघं एकाच वयाचे, पण स्वभाव असे की एकाच गावात कसे निपजले असं वाटावं. किटिओने मोजकं बोलणारा. चेंडू हातात आला की डोळे न फिरवता बरोबर गड्याच्या छातीवर फेकायचा. पलीकडच्या गावचे लोक त्याचे हात बघायला यायचे, खोटं नाही सांगत. आणि रोपाते? रोपातेच्या तोंडाला कुलूप नव्हतं आणि पायाला विसावा नव्हता. त्यात तो भाचा.

आपल्याकडे भाचा म्हणजे काय चीज असते! त्याला म्हणतात वासू. वासूनं मामाच्या घरी यायचं आणि चारचौघांत मागायचं. जे मागितलं ते त्याचं. डुक्कर मागो, चटई मागो, मामाच्या अंगावरचा सदरा मागो, मामानं नाही म्हणायचं नाही. रोपातेनं तर एकदा चर्चच्या दारातच मामाचा नवा कोट मागितला होता, आणि साकिउसानं बनियनवर उभं राहून अख्खी प्रार्थना गाऊन घेतली. मामाच्या पोरांना मात्र एवढी मुभा असते, की वासू काही घेऊन निघाला की त्याला बडवायचं. चेष्टेतच, पण दणकून. किटिओनेनं रोपातेला लहानपणापासून इतक्यांदा बडवला होता की दोघांची मैत्री त्या गुद्द्यांवरच पोसली गेली. पोटच्या पोरानं बापाकडं काही मागायची रीत नाही. तो घरचाच, त्यानं काय मागायचं!

निघायचा दिवस आला. बसला फुलांच्या माळा, आत बोचकी, टपावर यांगोनाची पोती, कारण परदेशात कुटून पाण्यात कालवून प्यायला ती मुळी कुठून मिळणार! बायका रडत होत्या आणि गातही होत्या. तेवढ्यात गर्दी बाजूला सारत साकिउसाची थोरली बहीण, रोपातेची आई अकोसिता पुढं आली आणि थेट त्याच्यासमोर उभी राहिली. गाणं जागच्या जागी थांबलं. अहो, थांबणारच! आमच्या भागात भाऊ-बहीण वयात आले की एकमेकांशी बोलत नाहीत, ती अदब असते. अकोसिताला भावाला काही सांगायचं असलं तर ती भावजयीला, तितिलियाला सांगायची, आणि तेही भाऊ तिथंच पाठमोरा बसलेला असताना. "तुझ्या नवऱ्याला म्हणावं छप्पर गळतंय." "तुझ्या नणंदेला म्हणावं उद्या येतो." मधे बसून तितिलियाचं डोकं उठायचं.

त्या दिवशी मात्र अकोसितानं भावाच्या डोळ्यांत बघितलं.

"साकिउसा, माझ्या पोराला परत आण."

एवढ्या वर्षांनी बहिणीचा आवाज आपल्या नावासकट कानावर पडला, आणि तो असा. "आणतो," एवढंच तो म्हणाला. शेजारी तितिलिया किटिओनेची पिशवी छातीशी धरून उभी होती. तिनं नवऱ्याला काय सांगायचं, पोरगा त्याचाही होताच की.

आणि मग सुरू झाला तो रस्ता! कुवेतच्या सीमेवरचा तळ, तिथून उत्तरेकडं ट्रकांची रांग, आणि रांगेला तीन पहाऱ्याच्या गाड्या. आमच्या पोरांनी त्यांना नावं ठेवली होती, डोकं, कंबर आणि शेपूट. गाड्या म्हणजे साध्या पिकअप, त्यांना लोखंडी पत्रे वेल्डिंग करून डकवलेले. डोक्याची गाडी किटिओने चालवायचा, आणि काय चालवायचा! रस्त्यावर मेलेलं कुत्रं दिसलं, नवी माती दिसली, की शंभर हातांवरूनच गाडी वळवायचा, कारण त्याखाली काय पुरलेलं असेल सांगता येत नव्हतं. वायरलेसवर सगळे आपल्याच भाषेत बोलायचे. कंपनीचा गोरा साहेब हॉब्ज तळावरून ऐकत असायचा आणि चडफडायचा, कारण त्याला एक अक्षर कळत नसे. त्यात हे लोक धोक्याचा टापू पार झाला की तिन्ही गाड्यांतून भजन म्हणायचे, डोक्यातून खर्ज, कंबरेतून मधला सूर आणि शेपटातून वरचा. त्या वाळवंटात, त्या उन्हात, अंगावर काटा यायचा हो!

गणवेश होता, बंदूक होती, गोळ्या खऱ्या होत्या, पण हे सैनिक नव्हते. करारात लिहिलं होतं 'रखवालदार'. पेन्शन नाही, पदक नाही, झेंडा नाही. रस्त्यात जायबंदी झालात तर कंपनी बघेल. कसं बघेल, ते कंपनीच ठरवेल. साकिउसाला हे सगळं कळत होतं. पण हातात पुन्हा तुकडी आली होती, सकाळी उठायला कारण मिळालं होतं, आणि खरं सांगायचं तर गडी दहा वर्षांनी तरुण झाला होता.

शेपटात मात्र तो स्वतः बसायचा. मागच्या बाजूला तोंड करून, मशीनगनमागं. हल्लेखोर बहुतेक वेळा मागूनच यायचे आणि शेवटची गाडी आधी उडवायचे. त्यामुळं ती जागा सगळ्यांत वाईट आणि म्हणूनच सगळ्यांत मानाची. आणि रोपातेचा जीव नेमका तिच्यावर जडला! त्याला मामानं कंबरेत ठेवलं होतं, मधोमध, ट्रकांच्या आडोशाला. तिथं बसून तो असा फुरंगटायचा की पोरं त्याला 'नवरीबाई' म्हणू लागली.

हा एक ना एक दिवस मागणार, हे साकिउसानं ओळखलं होतं. आणि मागितलं की संपलं, द्यावंच लागणार. मग त्यानं मागूच द्यायचं नाही असं ठरवलं. रोपाते गंभीर चेहरा करून जवळ आला की मामा डोळे मिटून प्रार्थना सुरू करायचा. प्रार्थनेत कोण अडवणार! कधी त्याला पाणी आणायला पिटाळायचा, कधी बसल्या बसल्या घोरू लागायचा. तुकडीतल्या बाकीच्यांना हा खेळ असा काही आवडला, की मामा आज कसा निसटतो यावर बीफच्या डब्यांच्या पैजा लागू लागल्या.

पण एका रविवारी दुसऱ्या तळावरचे आपले पाद्री आले. त्यांच्या मानासाठी यांगोना कालवला, सगळे मांडी घालून गोल बसले. पाद्रींसमोर साकिउसाला ना प्रार्थना सुरू करता येईना ना घोरता येईना. रोपातेनं तोच मुहूर्त साधला. हाताची ओंजळ करून त्यानं रीतसर टाळ्या वाजवल्या आणि म्हणाला, "मामा, मी तुझा वासू. शेपटातली तुझी जागा मागतोय."

साकिउसाच्या डोळ्यांपुढं बस आली, माळा आल्या, बहिणीचा चेहरा आला. एका बाजूला बहिणीला दिलेला शब्द, दुसऱ्या बाजूला तिच्याच पोराचा हक्क. त्यानं पाद्रींकडं पाहिलं, तर पाद्री भांड्यातल्या पाण्याकडं बघत बसले होते. ते तरी काय करणार, तेही कुणाचे तरी वासूच की.

"घे," साकिउसा म्हणाला.

आणि मग जो दंगा झाला! किटिओने उशी घेऊन रोपातेवर तुटून पडला, बाकीचे बूट घेऊन धावले, पाद्रींनीसुद्धा एक धपाटा घातला. रोपाते मार खात होता आणि आनंदानं ओरडत होता. साकिउसा हसला, कारण हसायचं असतं. मग उठला आणि वेल्डिंगवाल्याला गाठून त्या जागेभोवती आणखी एक पत्रा ठोकून घेतला.

पुढच्या फेरीला शेपटात रोपाते आणि डोक्यात, किटिओनेच्या शेजारी, साकिउसा. त्या देशात आल्यापासून बाप-लेक पहिल्यांदा एका गाडीत बसले होते. किटिओने त्या दिवशी चक्क बोलत होता. परत गेल्यावर नदीकाठची जमीन साफ करायची म्हणाला, तालुक्याच्या संघात निवड होईल असं वाटतं म्हणाला, आणि शेवटी रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला, "रोपातेनं जागा मागितली ते बरंच झालं, बाबा." साकिउसाला त्याचा अर्थ कळला आणि फार बरं वाटलं. त्यानं पोराच्या खांद्यावर थाप मारली.

तेवढ्यात मागं धडाका झाला. आरशात काळा धूर उठला. शेवटचा ट्रक पेटला होता आणि शेपटाच्या गाडीचं इंजिन बसलं होतं. वायरलेसवर रोपातेचा आवाज आला, आणि त्या पोराच्या आवाजात भीती कमी आणि उत्साहच जास्त. गाडी मेली मामा, ते नाल्यातून येतायत, मी आहे, मी आहे! शब्द कळले नाहीत तरी गोळीबार ऐकू आलाच असेल, लगेच हॉब्ज साहेबाचा आवाज आला, कुणीही थांबायचं नाही, ट्रक पुढं काढा. कंपनीचा नियमच तो, आधी माल, मग माणूस.

"थांबव," साकिउसा म्हणाला.

किटिओनेनं गाडी थांबवली. साकिउसा बंदूक घेऊन उतरला, मागची गोळ्यांची पेटीही उचलली आणि डोक्याच्या गाडीतला बंदूकवालाही खाली उतरवून घेतला. कंबरेची गाडी आली, तिला हात करून दोघं तिच्यात चढले. जाता जाता त्यानं किटिओनेच्या खिडकीत डोकं घातलं. "ट्रक तू ने. पुढचा पूल ओलांडेपर्यंत थांबू नकोस."

किटिओनेनं शेजारच्या रिकाम्या जागेकडं पाहिलं, मग बापाकडं. "बरं, बाबा," म्हणाला आणि निघाला.

पुढचं काय सांगू! समोरून सगळे ट्रक अंगावर येतायत, हॉर्न वाजतायत, ड्रायव्हर आपापल्या भाषेत आईबहीण काढतायत, आणि कंबरेची गाडी उलट्या दिशेनं, रस्त्याच्या कडेनं, अर्धी मातीत अर्धी डांबरावर, नुसती उधळलेली! साकिउसा दाराबाहेर लोंबकळत गोळ्या झाडत होता आणि तोंडानं एकच नाव घेत होता. धुराच्या पलीकडं त्यांना शेपूट दिसलं. रोपाते मशीनगनमागं ताठ बसला होता. गोळ्या तडतडत होत्या नव्या ठोकलेल्या पत्र्यावर, आणि पोरगा गात होता! भजनातला वरचा सूर, एकटाच. शेपटाचा ड्रायव्हर मांडीतून रक्त वाहत असताना त्याला गोळ्यांचे पट्टे पुरवत होता. जळत्या ट्रकचा पाकिस्तानी ड्रायव्हर चाकामागं पालथा पडून अल्लाचा धावा करत होता. साकिउसानं एकेकाला मानगूट धरून गाडीत कोंबलं. रोपाते गन सोडायला तयार होईना, तेव्हा मामानं त्याच्या कानफटात एक सणसणीत ठेवून दिली आणि लगेच त्याला छातीशी धरलं. गाडी धूर चिरत निघाली तेव्हा सगळे वेड्यासारखे हसत होते, तो पाकिस्तानीसुद्धा.

पूल आला तेव्हा रस्त्यावर काचांचा खच पडला होता, आणि गाडीतलं हसणं आपोआप थांबलं. पलीकडच्या ठाण्याच्या आवारात उरलेले सगळे ट्रक ओळीनं उभे होते. त्यांच्यापुढं डोक्याची गाडी होती, पुढची काच गायब झालेली. किटिओने बोनेटला टेकून उजव्या हातानं पाणी पीत होता. डाव्या हाताला टॉवेल गुंडाळला होता आणि टॉवेल लाल झाला होता. पुलावर त्यालाही त्यांनी गाठलं होतं, आणि उलट गोळी झाडायला त्याच्या गाडीत कुणी नव्हतं.

"आणले सगळे," तो म्हणाला.

डॉक्टरांनी शिरा शिवल्या, पण त्या हाताची मूठ काही आवळेना. हॉब्ज साहेबानं साकिउसाला ताफ्याचं डोकं सोडलं म्हणून काढून टाकलं आणि मामा-भाच्याला, बाप-लेकाला एकाच विमानानं घरी धाडलं. ज्यानं एकट्यानं त्याचा माल पोचवला होता त्या पोराशी त्यानं हातसुद्धा मिळवला नाही. मेल्याच्या नावानं आजही गावात कुणी बरं बोलत नाही.

गावात मात्र दिवाळीच! म्हणजे आमची दिवाळी, जमिनीत भट्टी पेटवून डुकरं भाजायची. अकोसिता भावाशी पुन्हा बोलली नाही, पण तिनं विणलेल्या चटयांची चळत आणि सगळ्यांत मोठं डुक्कर साकिउसाच्या दारात आणून टाकलं, आणि मग पाठ फिरवून इतकी रडली की ऐकणाऱ्यांचेही डोळे भरले. भर दुपारी सगळं गाव जमलं. रोपाते मधोमध उभा राहून ती लढाई करून दाखवत होता. गाडी कशी उधळली, मामा कसा लोंबकळला, कानफटात कशी बसली. कानफटात बसली की गाव हसून लोटपोट, आणि लोक पुन्हा म्हणायचे, परत दाखव. यांगोनाची पहिली वाटी साकिउसाला दिली गेली. आयुष्यात त्याला एवढं कधीच कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं. त्याचा चेहरा फुलून आला होता.

तितिलिया बायकांच्या बाजूला बसून किटिओनेच्या पानातलं मांस सोडवून देत होती, कारण त्याला एका हातानं जमत नव्हतं. रोपातेचं दाखवून झालं आणि टाळ्या थांबल्या तशी तिनं विचारलं, तेही नवऱ्याला नाव घेऊन, सगळ्यांच्या देखत.

"साकिउसा, मागं किटिओने असता आणि पुढं रोपाते, तर?"

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि लगेच थांबलं. साकिउसानं वाटी खाली ठेवली. तो खोटं बोलू शकला असता. कुणी पडताळा बघायला जाणार नव्हतं, आणि तितिलियालाही बहुधा खोटंच ऐकायचं होतं. पण माणूस सार्जंट होता, विचारलं की खरं सांगायची खोड.

"तर मी सरळ पुढं गेलो असतो," तो म्हणाला. "रोपातेला पुलापार करून मग आलो असतो."

"मला ठाऊक होतं, आई," किटिओने म्हणाला. तो रागावला नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "तुम्ही उतरलात ना बाबा, तेव्हाच कळलं होतं. माझा मामा तिथं असता तर तो माझ्यासाठी वळला असता."

त्याचा मामा, तितिलियाचा भाऊ एमोसी, नदीपलीकडच्या गावाहून जेवायला आला होता. पाहुण्यांच्या रांगेत शेवटी बसून निमूट खात होता. कुणाचं लक्षही नव्हतं त्याच्याकडं. तो हात पुसत उठला, भाच्यासमोर येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "वळलो असतो. तू कधी काही मागितलंच नाहीस. आता माग."

किटिओनेनं उजव्या हाताचा तळवा आपल्या मांडीवर रीतसर आपटला, कारण टाळी वाजवता येत नव्हती.

"मामा, मला घेऊन चल."

एमोसीनं त्याची पिशवी मागितली. तितिलियानं ती घरातून आणून दिली आणि पोराच्या खांद्यावर स्वतः अडकवली. दोघं काठाकडं चालू लागले. रोपाते धावत मागं गेला, किटिओनेच्या पाठीत एक गुद्दा घातला, आणि मग त्याला मिठी मारून तिथंच हुंदके देऊ लागला. होडीचं इंजिन सुरू झालं. सगळं गाव साकिउसाकडं बघत होतं. तो अर्धा उठला, पायावर उभाही राहिला, तोंड उघडलं आणि पुन्हा खाली बसला. मामाच्या हातून पोर परत मागायचा हक्क आपल्याकडे बापाला नसतो.